विद्युत् हृल्लेखाचे संगणकीय वाचन

विद्युत् हृल्लेखाचे संगणकीय वाचन : हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत् दाब निर्माण होतो. शरीराच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या त्याच्या नोंदीस विद्युत् हृल्लेख म्हणतात. ‘ईसीजी’ या नावाने तो सर्वपरिचित आहे. या आलेखातील तरंगांची उंची, खोली व कालावधी संगणकाने मोजावयाचा, त्या मापांना ठराविक नियम लावावयाचे आणि निष्कर्ष शब्दांत छापून द्यावयाचा, या क्रियेस विद्युत् हृल्लेखाचे संगणकीय वाचन म्हणतात. आजच्या बहुतेक यंत्रांत ही आज्ञावली आतच बसविलेली असते. आलेखाच्या कागदावर वरच्या बाजूस एकदोन ओळींचे विधान उमटते व ते बहुधा इंग्रजीत असते. ‘अधोभित्तीचा अभिकोथ, काल अनिश्चित’ अथवा ‘अग्रभित्तीचा तीव्र अभिकोथ’ अशा आशयाची ही विधाने असतात. अभिकोथ म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे ऊतकाचा मृत झालेला भाग. हृद्-रोहिणीत गुठळी अडकून हृद्स्नायूचा असा भाग मरू लागणे म्हणजेच व्यवहारातील ‘हृदयविकाराचा झटका’ होय.

विधानातील स्थानदर्शक शब्दाला व्यवहारात मोठे वजन असते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरगा हे तालुक्याचे गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसले आहे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. हृद्-रोहिणीत नळी घालून अडथळा दूर करण्याची सोय मात्र सोलापूर, लातूर, कलबुर्गी अशा मोठ्या शहरांत असते. ही शहरे तेथून सु. ७५ ते १०० किमी. अंतरावर आहेत. छातीत कळ येऊन अशा ठिकाणी आलेल्या रुग्णासमोर हृद्रोगतज्ञ क्वचितच उभा असतो. असतो तो कर्तव्यावरचा वैद्यकीय अधिकारी, आणि त्याच्या हातात यंत्राने छापलेला कागद. त्या कागदावरील शब्द कोठून आले आणि ते हृदयाविषयी नेमके काय सांगतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही.

स्थानवाचक संज्ञांचा उगम : मानवी हृदयाचा विद्युत् आलेख प्रथम ऑगस्टस वॉलर (१८५६–१९२२) यांनी १८८७ मध्ये लंडन येथे केशिका-विद्युत्‌मापकाच्या साहाय्याने घेतला. तो फारच अस्पष्ट होता. लायडन येथील प्राध्यापक व्हिलेम आइंटहोव्हेन (१८६०–१९२७) यांनी १९०१ मध्ये तंतु-गॅल्व्हानोमीटर तयार करून तरंगांची सुस्पष्ट नोंद शक्य केली. पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगांची नावेही त्यांचीच. त्यांच्या यंत्राचे वजन सु. २७० किग्रॅ. होते व ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्ण दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र प्रयोगशाळेबाहेर नेणे अशक्य असल्याने आइंटहोव्हेन यांनी १९०५ साली सु. दीड किमी. अंतरावरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेवरून आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणविला. रुग्ण एका जागी आणि वाचणारा दुसऱ्या जागी, ही व्यवस्था अशा रीतीने विद्युत् हृल्लेखाच्या जन्मापासूनचीच आहे. आइंटहोव्हेन यांना १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हृद्-रोहिणीतील गुठळीने रुग्ण तत्काळ मरतोच असे नाही, तो काही काळ जगतो किंवा बराही होतो, हे शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखविले. तोपर्यंत झटक्याचे निदान बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत असे. १९२० मध्ये न्यूयॉर्क येथील हॅरल्ड पार्डी यांनी अशा एका रुग्णाच्या आलेखात एस तरंगानंतरची रेषा मूळ पातळीवर न परतता वर उचललेली राहते, हे नोंदविले. एसटी खंडाचे हे उन्नयन पुढे ताज्या अभिकोथाची मुख्य खूण ठरले. मृत स्नायू विद्युत् निर्माण करीत नाही. त्यामुळे त्याच्या बाजूने पाहणाऱ्या लीडमध्ये खोल व रुंद क्यू तरंग दिसतो, ही खूण मागाहून स्पष्ट झाली.

लीड म्हणजे शरीरावरील दोन ठिकाणांमधील विद्युत् दाबाचा फरक मोजण्याची जोडणी. आइंटहोव्हेन यांच्या केवळ तीन लीड होत्या. मिशिगन विद्यापीठातील फ्रँक विल्सन (१८९०–१९५२) यांनी १९३४ मध्ये तिन्ही अवयवांच्या तारा एकत्र जोडून एक मध्य संदर्भबिंदू तयार केला. त्यामुळे छातीवरील कोणत्याही एका बिंदूचा दाब स्वतंत्रपणे मोजता येऊ लागला. छातीवरील सहा जागा अमेरिकेतील व ब्रिटनमधील हृद्रोगतज्ञांच्या संस्थांनी १९३८ मध्ये परस्परसंमतीने ठरविल्या. १९४२ मध्ये एमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ या वर्धित लीडची भर घातली आणि बारा लीडचा आलेख पूर्ण झाला. आजही जगभर तोच घेतला जातो.

या बारा जोडण्यांपैकी कोणत्या समूहात क्यू तरंग दिसला म्हणजे हृदयाची कोणती भिंत मृत असते, हे शवविच्छेदनात मिळालेल्या हृदयांशी आलेख ताडून ठरविण्यात आले. गॉर्डन मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८–४९ मध्ये केलेले काम यांपैकी सर्वांत विस्तृत होय. दुसरी, तिसरी व एव्हीएफ यांत बदल असल्यास मध्यपटलावर टेकलेली भिंत, व्ही१ ते व्ही४ मध्ये असल्यास पुढील भिंत व निलयांमधील पडदा, पहिली, एव्हीएल, व्ही५ व व्ही६ यांत असल्यास डावी बाजू, अशी सांगड बसली. ती उपयुक्त ठरली, पण निर्दोष नव्हती. आज जिला ‘अधोभित्ती’ म्हणतात तिला त्या काळी पुष्कळजण ‘पश्चभित्ती’ म्हणत. व्ही१ मधील उंच आर तरंगाशी जोडलेली ‘खरी पश्चभित्ती’ ही संज्ञा नंतर निघाली. शरीरातून काढून टेबलावर ठेवलेले हृदय आणि छातीत तिरके बसलेले जिवंत हृदय यांच्या दिशा सारख्या नसतात, याचा या नावांवर परिणाम झाला. संगणक पुढे जी भाषा शिकला ती हीच.

संगणकाचा प्रवेश : वॉशिंग्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ह्यूबर्ट पिपबर्गर यांनी १९५७ पासून या कामास हात घातला. अखंड वाहणाऱ्या विद्युत् संकेताचे अंकांत रूपांतर करणे हीच पहिली अडचण होती. १९६० च्या सुमारास ती सुटली, व १९६१ मध्ये तरंगांचा आरंभ आणि शेवट संगणकाने आपोआप ओळखण्याची पद्धत पिपबर्गर व स्टालमान यांनी प्रसिद्ध केली. पिपबर्गर यांचा कल बारा लीडकडे नव्हता. हृदयाची विद्युत् शक्ती अवकाशातील एका सदिशासारखी मानून तिचे परस्परलंब तीन घटक नोंदावयाचे आणि असंख्य रुग्णांच्या मापांवरून सांख्यिकीच्या आधारे प्रत्येक रोगाची संभाव्यता काढावयाची, असा त्यांचा मार्ग होता. रुग्णाला रोग आहे की नाही हे त्यांनी आलेखावरून ठरविले नाही. शवविच्छेदन व इतर तपासण्या यांवरून ठरविले. शास्त्रीय दृष्ट्या हा मार्ग अधिक शुद्ध होता.

त्याच शहरात अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेतील सीझर कासेरेस यांनी वेगळी वाट धरली. वैद्य रोज जे बारा लीडचे आलेख पाहतो तेच संगणकाला द्यावयाचे आणि वैद्य जे नियम मनात लावतो तेच आज्ञावलीत लिहावयाचे, असे त्यांचे धोरण होते. त्यांच्या गटाचे १९६२ चे काम या शाखेचा पाया ठरले. व्यवहारात हीच वाट टिकली. याचे कारण विज्ञानात शोधण्यापेक्षा सवयीत शोधणे योग्य ठरेल. वैद्यांना तीन परस्परलंब घटकांचे आलेख वाचता येत नव्हते, आणि ज्या यंत्राचे म्हणणे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येत नाही त्यावर ते विसंबण्यास तयार नव्हते. पिपबर्गर यांच्या पद्धतीबरोबर रोगाची संभाव्यता टक्क्यांत सांगण्याची रीतही मागे पडली आणि कागदावर ठाम वाक्ये उमटू लागली. ही हानी लहान नव्हती.

१९७० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीची आज्ञावली, ग्लासगो येथील पीटर मॅकफार्लेन यांची आज्ञावली आणि यूरोपातील इतर काही आज्ञावल्या वापरात आल्या. आरंभी आलेख दूरध्वनीवरून मध्यवर्ती संगणकाकडे पाठवीत. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर संगणक थेट चाकांच्या गाडीवरील यंत्रातच बसला. मिलवॉकी येथील मार्केट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० मध्ये बाराही लीड एकाच वेळी नोंदवून वाचणारी आज्ञावली बाजारात आणली. त्याच सुमारास भारतातील बहुसंख्य रुग्णालयांत एका वेळी एकच लीड काढणारी, तापलेल्या लेखणीची यंत्रे होती. निघालेली लांब पट्टी कात्रीने कापून तिचे तुकडे छापील पुठ्ठ्यावर चिकटवीत. वाचन डोळ्यांनीच होई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्येच पूर्ण झाला होता, पण रुग्णशय्येजवळ संगणक पोहोचण्यास महाराष्ट्रात आणखी काही दशके जावी लागली. तो पोहोचला तेव्हा वाचनाचे नियम परदेशात लिहून झालेले होते.

आज्ञावलीचे कार्य : नेहमीचा आलेख दहा सेकंदांचा असतो. यंत्र दर सेकंदास साधारणतः ५०० वेळा विद्युत् दाब मोजते. बारा लीड छापल्या जात असल्या तरी प्रत्यक्षात आठच मोजल्या जातात : पहिली, दुसरी व छातीवरील सहा. उरलेल्या चार बेरीज-वजाबाकीने काढतात. उदा., तिसरी म्हणजे दुसरीतून पहिली वजा. अशा रीतीने एका रुग्णामागे सु. ४०,००० अंक जमा होतात. त्यांतून प्रथम विजेच्या तारांमुळे शिरणारी सेकंदास ५० आवर्तनांची लहर, श्वासोच्छ्वासामुळे होणारी मूळ रेषेची डोलणी आणि स्नायूंचा कंप गाळला जातो. ही गाळणी नाजूक असते. मंद कंपनांची गाळणी जरा जास्त कडक केली तर एसटी खंड कृत्रिमपणे वर किंवा खाली सरकतो आणि नसलेला विकार दिसू लागतो.

यानंतर आज्ञावली सर्वांत तीव्र चढउतार, म्हणजे क्यूआरएस समूह शोधते, सारखे दिसणारे ठोके एकत्र करते व त्यांच्यापासून एक प्रातिनिधिक ठोका तयार करते. अवेळी पडलेले ठोके वगळले जातात. प्रातिनिधिक ठोक्यावर पी, क्यूआरएस व टी यांचे आरंभ आणि शेवट खुणावले की मापांचा तक्ता तयार होतो. वैद्याला एक मिमी. म्हणजे ०·१ मिलिव्होल्ट इतकाच फरक डोळ्यांनी नीट ओळखता येतो. यंत्र त्याहून कितीतरी सूक्ष्म फरक नोंदते. मापनात संगणक माणसाहून सरस आहे यात वाद नाही. अडचण पुढच्या पायरीवर, अर्थ लावताना येते.

अर्थ लावण्यासाठी आज्ञावलीत निर्णयवृक्ष असतो. लगतच्या दोन लीडमध्ये एसटी खंड ०·१ मिलिव्होल्ट किंवा अधिक उचललेला आहे काय, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न. व्ही२ व व्ही३ मध्ये निरोगी माणसातही तो थोडा वर असतो. म्हणून तेथे मर्यादा वेगळी आहे. ४० वर्षे व त्यावरील पुरुषांत ०·२, त्याहून तरुण पुरुषांत ०·२५ व स्त्रियांत ०·१५ मिलिव्होल्ट अशी ती आंतरराष्ट्रीय व्याख्येत दिलेली आहे. यंत्रावर वय व लिंग न भरता आलेख काढण्याची घाईगर्दीतील सवय येथे बाधते. कळपट्टीवर माहिती भरलीच नाही, तर आज्ञावली काही ठराविक वय व लिंग गृहीत धरून चालते. नंतर क्यू तरंगाची रुंदी व खोली, आर तरंगाची व्ही१ पासून व्ही६ पर्यंतची चढण आणि समोरच्या बाजूच्या लीडमधील उलट बदल तपासले जातात. डाव्या शाखेतील विद्युत् वहनाचा अडथळा, निलयाची अतिवृद्धी किंवा जन्मजात जादा वहनमार्ग असल्यास अभिकोथाचे नियम स्थगित करावयाचे असतात, कारण या सर्व अवस्था अभिकोथाची नक्कल करतात. अखेर कोणत्या समूहाने अट पूर्ण केली त्यावरून भिंतीचे नाव छापले जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आज्ञावलीला हृदय दिसत नाही. तिला तारांचे समूह दिसतात, व समूहाचे पूर्वापार ठरलेले नाव ती लिहिते. शिवाय समूहातील लीड परस्परांपासून स्वतंत्र असतातच असे नाही. दुसरी, तिसरी व एव्हीएफ या तिन्हींमध्ये डाव्या पायाचे विद्युत् अग्र समाईक आहे. तीन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितल्यासारखे वाटते, पण तिघे एकाच घरचे असतात. ते अग्र ढिले असले, किंवा हाताची व पायाची तार अदलाबदल झाली, तर अधोभित्तीचा खोटा अभिकोथ उभा राहतो किंवा खरा लपतो. दोन्ही हातांच्या तारा उलट लागल्यास पहिली लीड उलटी होऊन डाव्या बाजूचा अभिकोथ असल्याचा भास होतो. व्ही१ व व्ही२ ही अग्रे चौथ्या आंतरपर्शुक जागेऐवजी एकदोन जागा वर लावली गेल्यास आर तरंग लहान होतो, आणि ‘अग्र-पडदाभित्तीचा अभिकोथ, काल अनिश्चित’ हे विधान हमखास येते. असे कागद हाती घेऊन धडधाकट माणसे घाबरून तज्ञाकडे जातात, हे शहरांत व खेड्यांत सारखेच आढळते. ‘काल अनिश्चित’ याचा अर्थ फक्त इतकाच की क्यू तरंग आहे, पण ताज्या इजेची खूण नाही. रुग्ण मात्र त्याचा अर्थ ‘केव्हाही येऊ शकेल’ असा घेतो.

परीक्षा : निरनिराळ्या आज्ञावल्या एकाच आलेखाची निरनिराळी मापे देत, तेव्हा त्यांची तुलना करण्यासाठी यूरोपीय समुदायाच्या मदतीने बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे योस व्हिलेम्स यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास एक समाईक प्रकल्प सुरू झाला. त्याचा प्रमुख अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान आलेखाशिवाय अन्य पुराव्याने पक्के झाले होते अशा १,२२० व्यक्तींचे आलेख नऊ आज्ञावल्यांना व आठ हृद्रोगतज्ञांना वाचावयास दिले होते. अचूक वर्गीकरणाचे मध्यम प्रमाण आज्ञावल्यांचे ६९·७ टक्के व तज्ञांचे ७६·३ टक्के आले. स्थानानुसार पाहता अग्रभित्तीचा अभिकोथ आज्ञावल्यांनी ७७·१ टक्के व तज्ञांनी ८४·९ टक्के रुग्णांत ओळखला; अधोभित्तीचा मात्र अनुक्रमे ५८·८ व ७१·७ टक्के. छातीवरील सहा अग्रे पुढील भिंतीच्या अगदी समोर असतात. खालच्या भिंतीकडे मात्र दूरवरून, हातापायांच्या तारांमधूनच पाहावे लागते. त्यामुळे हा फरक अनपेक्षित नव्हता. तज्ञही चारांपैकी जवळजवळ एका आलेखात चुकले, ही बाब या अहवालातून उद्धृत करताना सहसा सोडून दिली जाते.

उपचारातील बदल : संगणकीय वाचन सुरू झाले तेव्हा झटका येऊन गेल्याचे निदान करणे हा त्याचा उद्देश होता, व क्यू तरंगाला महत्त्व होते. इटलीत ११,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने मृत्यू कमी होतात, आणि पहिल्या तासात दिल्यास सर्वाधिक कमी होतात, असे १९८६ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे एसटी खंडाला महत्त्व आले आणि वाचनाला घड्याळ जोडले गेले. १९९४ मध्ये अशा सर्व मोठ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. अग्रभित्तीच्या अभिकोथात दर हजार रुग्णांमागे सु. ३७ जीव वाचतात व अधोभित्तीच्या अभिकोथात सु. ८, असे त्यात आढळले. एसटी खंड खाली गेलेल्या रुग्णांना या औषधाचा लाभ होत नाही, असेही दिसून आले. औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती सर्वांनाच सारखी असते. म्हणून स्थानाचा शब्द चुकला तर लाभ व धोका यांचा हिशेबच बदलतो.

अधोभित्तीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ती बहुधा उजव्या हृद्-रोहिणीच्या अडथळ्याने बाधित होते, व तोच अडथळा वरच्या भागात असेल तर उजवे निलयही बाधित होते. अशा रुग्णाला छातीतील कळ थांबविण्यासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी दिल्यास रक्तदाब एकाएकी उतरण्याचा धोका संभवतो. ‘सॉर्बिट्रेट’ या नावाने ही गोळी घरोघर परिचित आहे. उजव्या निलयाची स्थिती कळण्यासाठी छातीच्या उजव्या बाजूस अग्र लावून आणखी एक नोंद घ्यावी लागते. बारा लीडच्या नेहमीच्या आलेखात ती नसते. मागील बाजूच्या अभिकोथाचेही तसेच आहे. त्याची खूण व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खंड खाली जाणे अशी उलटी दिसते. खात्रीसाठी पाठीवर अग्रे लावावी लागतात. जी तार लावलीच नाही तिच्याविषयी आज्ञावली काही सांगू शकत नाही, व गप्प राहिल्याचेही सांगत नाही.

उमरगा व महाराष्ट्रातील स्थिती : उमरगा, लोहारा व लगतचा कर्नाटकातील प्रदेश यांना मोठ्या रुग्णालयाचे अंतर नेहमीच जाणवत आले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हाही जखमींना सोलापूरला हलवावे लागले होते. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांमुळे रस्त्यावरचा वेळ कमी झाला, तरी झटक्याच्या रुग्णाचा बराचसा वेळ निर्णय होण्यातच जातो. कळ पित्ताची समजून घरी काढलेले तास, मग खाजगी दवाखाना, मग आलेख, मग ‘पुढे न्या’ असा सल्ला, हा क्रम मराठवाड्यात सर्वपरिचित आहे.

यावर उपाय म्हणून आलेख पाठवावयाचा व रुग्ण जागेवर ठेवून उपचार सुरू करावयाचे, ही आइंटहोव्हेन यांचीच कल्पना नव्या साधनांनी पुन्हा आली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे बारा लीडचे यंत्र तयार केले. त्यावरील आलेख मोबाइल दूरध्वनीमार्फत तज्ञाकडे जातो. तमिळनाडूत कोईमतूरचे टॉमस अलेक्झांडर व चेन्नईचे अजित मुल्लासरी यांनी लहान रुग्णालये एका मोठ्या रुग्णालयाशी जोडून झटक्याच्या उपचाराची योजना राबविली. तिच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,४२० रुग्ण होते. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७·६ टक्क्यांवरून १४·२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ पासून काही जिल्ह्यांत याच धर्तीवर प्रकल्प हाती घेतला. अशा योजनांत आलेख आधी आज्ञावली वाचते, नंतर दूर बसलेला तज्ञ त्यावर शिक्कामोर्तब करतो, आणि काही मिनिटांत उत्तर परत येते. येथे यंत्राच्या विधानाचा उपयोग शेवटचा शब्द म्हणून केला जात नाही. शेकडो आलेखांतून कोणता आधी पाहावयाचा हे ठरविण्यासाठी तो होतो. या कामासाठी संगणकीय वाचन उत्तम आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

धोका उलट बाजूनेही असतो. यंत्राने ‘आलेख सर्वसाधारण’ असे छापले म्हणजे थकलेला डोळा पुन्हा रेषेकडे वळत नाही. झटक्याच्या पहिल्या तासात आलेख निर्दोष दिसू शकतो. म्हणून कळ चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा घेणे आवश्यक असते. दोन आलेख शेजारी ठेवून पाहणे यासारखी दुसरी स्वस्त चाचणी नाही, आणि तिला दुसरा कागद व आणखी पाच मिनिटे एवढेच लागते. रुग्णाला पुढे पाठविताना पहिला कागद त्याच्याबरोबर न देण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

अलीकडील घडामोडी : स्वीडनमधील लुंड विद्यापीठात १९९७ मध्ये कृत्रिम तंत्रिका-जाल वापरून तीव्र अभिकोथ ओळखण्यात आला, व नियमांवर आधारलेल्या आज्ञावलीपेक्षा तसेच अनुभवी तज्ञापेक्षाही ते जाल अधिक संवेदनशील ठरले. गेल्या दशकात या पद्धतीला मोठा वेग आला आहे. अशा जालात नियम लिहिलेले नसतात. लाखो आलेखांवरून ते स्वतः शिकते. त्यामुळे अमुक भिंत असे त्याने का म्हटले, हे विचारता येत नाही. कासेरेस यांच्या मार्गाची जी खरी जमेची बाजू होती, वैद्याला प्रत्येक पायरी पडताळता येणे, तीच येथे हातची जाते.

भिंतींच्या नावांचा जुना घोळही मिटलेला नाही. चुंबकीय अनुस्पंदनाने जिवंत हृदयाच्या प्रतिमा मिळू लागल्यावर व्ही१ मधील उंच आर तरंग ज्या भागाचा मानला जाई तो भाग मागे नसून डाव्या बाजूस आहे, असे दिसून आले. बार्सेलोना येथील अंतोनी बायेस दे लूना व इतर तज्ञांनी २००६ मध्ये ‘पश्चभित्ती’ ही संज्ञा सोडून द्यावी, असे सुचविले. अनेक यंत्रे तरीही ती छापतात.

निरोगी माणसाच्या मर्यादा कोणाच्या मापांवरून ठरवाव्यात, हा प्रश्नही उघडा आहे. सुरुवातीच्या आज्ञावल्यांतील मर्यादा यूरोपीय व अमेरिकन लोकांवरून घेतलेल्या होत्या. ग्लासगो येथील मॅकफार्लेन यांच्या गटाने २०१४ मध्ये स्कॉटलंड, तैवान, भारत व नायजेरिया येथील निरोगी व्यक्तींच्या आलेखांची तुलना प्रसिद्ध केली, व काही मापांत वंशानुसार फरक असल्याचे दाखविले. तरंगांची उंची व एसटी खंडाची पातळी यांवर वय व लिंग यांच्याप्रमाणे वंशाचाही परिणाम होतो, असा त्याचा अर्थ आहे. हा फरक विचारात घेणाऱ्या आज्ञावलीत वय व लिंग यांबरोबर वंशाचीही नोंद करण्याची जागा असते. ती भरण्याचे काम आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञाकडे असते.